पेट्या तीनशे, गर्दी हजारोंची : देवगडच्या एका आंबा साइटचं प्रकरण

देवगड तालुक्यातले दोघे भाऊ, बागा वडिलांच्या वेळेपासूनच्या. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, मग थेट गिऱ्हाइकाला विकायला लागले कारण मुंबई-पुण्यातल्या माणसाला हल्ली एकच भीती, देवगडच्या नावाने कर्नाटकचा आंबा गळ्यात मारतात की काय. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं (सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे) तेव्हापासून तर लोक बाग कुठली, कोणाची, हे सरळ विचारून घेतात. तर त्यातून एक साइट उभी राहिली, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यावर वूकॉमर्स (त्याला दुकान जोडणारं), स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. वर्षभर दिवसाला पन्नास-साठ माणसं येणार, फोटो बघणार, जाणार. त्यात कोणाला काही खटकण्यासारखं नव्हतंच.

खटकलं ते २०२४ च्या सीझनला. पाडवा ९ एप्रिलला होता, त्याच्या आधीच्या मालाचं बुकिंग रविवारी सकाळी बरोबर १० ला उघडणार असं घरातल्या वहिनींनी आठवडाभर आधी सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेलं, आदल्या रात्री परत आठवण, आणि ९:५५ ला लिंक. वेळेवर लिंक पाठवण्यात वहिनींचा हात कोणी धरणार नाही. १० वाजून दोन मिनिटांनी साइट बंद. पांढरं पान, वर ५०८ रिसोर्स लिमिट, म्हणजे सर्व्हरवरचा तुमचा वाटा संपला. आबा (म्हणजे वडील) गिऱ्हाइकांचे फोन घेऊन घेऊन वैतागले आणि मोठ्या मुलाला म्हणाले, "अरे मेल्या, साईट खंय गेली?"

पाऊण तासाने साइट आपोआप परत आली, पण तोवर तीन भानगडी झालेल्या. काही जणांचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर दिसेना. काही जणांच्या दोन-दोन ऑर्डरी पडल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे होता त्यापेक्षा जास्त माल विकला गेला, मग पुढचे दहा-बारा दिवस वहिनी एकेकाला फोन करून "तुमची पेटी पुढच्या आठवड्यात देऊ का" असं विचारत बसल्या. साइट बंद पडली तर लोक शिव्या देतात आणि विसरतात, पाडव्याला कबूल केलेली पेटी आली नाही तर पुढच्या वर्षी दुसरीकडून घेतात.

मी कुडाळला राहून साइटची कामं करतो, या प्रकरणात सीझन संपल्यावर आलो. तोपर्यंत त्यांच्याकडे एका ठिकाणाहून कोटेशन आलेलं होतं, मोठा सर्व्हर, आपोआप वाढणारा, दर महिन्याचं बिल बघून दादा (थोरले भाऊ) गप्प झालेले. मी म्हटलं आधी बघू तरी की त्या दोन मिनिटांत झालं काय.

झालं ते साधं गणित आहे. शेअर्ड होस्टिंगच्या जाहिरातीत अनलिमिटेड बँडविड्थ, अनलिमिटेड हे आणि ते लिहिलेलं असतं, पण एका वेळी तुमच्या साइटसाठी पीएचपीच्या (पानं तयार करणारा प्रोग्राम) किती प्रोसेस चालतील यावर मर्यादा असते आणि ती कुठेतरी बारीक अक्षरात असते. इथे ती २० होती. एक पान तयार व्हायला साधारण २ सेकंद लागत होते, म्हणजे सेकंदाला १० रिक्वेस्ट (पानाच्या मागण्या), त्याच्या वर एकही नाही. आता समजा पहिल्या मिनिटात ६०० जणांनी लिंक दाबली, तर सेकंदाला १० झालेच, आणि त्यांची थीम (साइटचा तयार साचा) जुनी, ती प्रत्येक पानावर कार्टमध्ये काय आहे हे विचारायला मागून अजून एक रिक्वेस्ट मारायची, कार्ट रिकामं असलं तरी. म्हणजे २०. झाली दुप्पट गर्दी. त्यात पान उघडलं नाही की माणूस काय करतो? परत दाबतो. गणपतीच्या गाडीचं तिकीट सकाळी ८ ला काढायची सवय असलेली माणसं ही, ती थांबून बघत बसत नाहीत, दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसतात.

आता मोठा सर्व्हर घेतला असता तर? इथे माझं मत सरळ आहे आणि दादांना मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं. तुमच्या पहिल्या लॉटमध्ये पेट्या किती? तीनशेच्या आसपास. म्हणजे हजारो माणसं आली तरी तीनशेच ऑर्डर घ्यायच्या आहेत. जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत जेवढ्या गाड्या मावतात तेवढ्याच पलीकडे जाणार, जेटीकडे येणारा रस्ता चौपदरी केला म्हणून बोट मोठी होत नाही. मिनिटाला साठ-सत्तर ऑर्डर नीट घेणारी साइट पाच मिनिटांत सगळा लॉट संपवते. बाकीच्यांना फक्त दोन गोष्टी हव्या असतात, पान लगेच दिसावं आणि माल आहे की संपला हे खरं खरं कळावं. या दोन्ही गोष्टींना सर्व्हरचं डोकं जवळपास लागतच नाही.

म्हणून कामाचे दोन भाग पडले, बघणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा.

बघणाऱ्यांचं सोपं. होमपेजवर बागेचे फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. ते लहान केले, वेबपी (हलका फोटो फॉरमॅट) केले आणि सीडीएनवर (ठिकठिकाणच्या सर्व्हरांचं जाळं) टाकले म्हणजे मुंबईच्या माणसाला ते मुंबईतूनच मिळतात, आमच्या सर्व्हरला कळतसुद्धा नाही. साइट शेअर्डवरून एका मध्यम व्हीपीएसवर (भाड्याचा, आपल्या वाट्याचा वेगळा सर्व्हर) आणली, प्रोसेसरचे ४ कोअर, मेमरी ८ जीबी. (हलवताना डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा पत्ता किती वेळ साठवून ठेवायचा ती मुदत, आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणून ठेवावा, नाहीतर अर्धी माणसं जुन्या घराच्या दारात उभी राहतात.) आणि एनजिनएक्सला (सर्व्हरच्या दारात पानं वाटणारा प्रोग्राम) पेज कॅश लावला, म्हणजे पान एकदा तयार झालं की पुढच्या हजारांना तेच तयार पान, पीएचपी उठतच नाही. कॅशची मुदत संपते त्या क्षणी सगळी गर्दी एकदम मागे घुसू नये म्हणून कॅश लॉक चालू केला आणि नवीन पान तयार होईपर्यंत जुनंच दाखव असंही सांगितलं. जुन्या थीममधली ती कार्टची रिक्वेस्ट काढून टाकली. वूकॉमर्सने स्वतःच २०२३ मध्ये, ७.८ पासून, ती सरसकट लोड करणं थांबवलंय, पण जुन्या थीमला ते कोण सांगणार.

मग प्रश्न आला की कॅश केलेल्या पानावर "शिल्लक किती" हे जुनं दिसणार. त्यावर उपाय फार मजेशीर आहे, म्हणजे मला तरी आवडला. प्रत्येक ऑर्डरनंतर सर्व्हर एक चिमुकली फाइल लिहितो, तिच्यात फक्त शिल्लक पेट्यांचा आकडा, आणि पान दर काही सेकंदांनी ती फाइल वाचतं. डेटाबेसला कोणी हात लावत नाही.

घेणाऱ्यांचं काम मात्र किचकट. चेकआउट कॅश करता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं. आणि एक ऑर्डर म्हणजे एक रिक्वेस्ट नव्हे. कार्टमध्ये टाक, चेकआउट उघड, पिनकोड भरला की कुरिअरचा दर परत मोज, पत्ता बदलला की परत मोज, मग पैसे. सहा-सात रिक्वेस्ट सहज होतात. ४ कोअरवर अर्ध्या सेकंदाचं काम असेल तर सेकंदाला ८ रिक्वेस्ट, म्हणजे सेकंदाला एक ऑर्डर आणि वर थोडं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. पण त्यात कोणी नको ते वाढवू नये म्हणून चेकआउटची रकान्यांची यादी कापली, नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, बस. कंपनीचं नाव, दुसरा पत्ता, ऑर्डर नोट सगळं गेलं. "ऑर्डर नोट ठेवा हो, लोक लिहितात आंबे मोठे द्या म्हणून" असं वहिनी म्हणाल्या, पण तेवढ्यासाठीच काढलं.

इथे एक गोष्ट सांगतो जी लोक हमखास उलटी करतात. साइट दमते आहे म्हटल्यावर पहिला हात जातो पीएचपीचे वर्कर (म्हणजे त्याच वरच्या प्रोसेस) वाढवायला, १० चे १०० करून टाका. एकेक वर्कर ८०-१०० एमबी खातो, १०० वर्कर म्हणजे ८ ते १० जीबी, आणि मशीन आहे ८ जीबीचं. मग मेमरी संपते, लिनक्स काहीतरी मारायला घेतो आणि बहुतेकदा सगळ्यात लठ्ठ असलेलं मायएसक्यूएलच (साइटचा डेटाबेस) मारतो. आधी निदान हळू चालत होती, आता बंद. कोअर चार असतील तर एका वेळी खरं काम चार जणांचंच होणार, बाकीचे रांगेतच उभे. आम्ही ३० ठेवले.

मग दरवाजा. तीसच्या वर गर्दी झाली तर काय? आबांचं म्हणणं होतं, "गिऱ्हायकाक ताटकळत ठेवूक नको." बरोबर आहे, पण ताटकळत ठेवणं आणि किती वेळ लागेल ते सांगून थांबवणं यात फरक आहे. चेकआउटच्या रस्त्यावर एका वेळी ठरावीकच रिक्वेस्ट आत सोडायच्या, बाकीच्यांना ५०३ ("आत्ता जागा नाही" हा कोड) आणि एक साधं एचटीएमएल पान: "माल संपलेला नाही, दारात गर्दी आहे, पान बंद करू नका, आपोआप उघडेल." ते पान २० ते ४० सेकंदांत कधीतरी स्वतःच परत प्रयत्न करतं, आणि ती वेळ प्रत्येकाला वेगळी, रँडम, नाहीतर सगळेच तिसाव्या सेकंदाला एकत्र येऊन आपटतात. यात एक खड्डा आहे. मर्यादा आयपी पत्त्यावर लावायची नाही. आपल्याकडे मोबाइल कंपन्या हजारो लोकांना एकाच बाहेरच्या आयपीवरून सोडतात, त्यामुळे "एका आयपीवरून इतकेच" असं म्हटलं की अर्धं ठाणे अडकतं आणि एकट्या हुशार माणसाचं काही बिघडत नाही. एकूण संख्येवर मर्यादा ठेवली.

आता जास्तीच्या विक्रीचं. मला आधी वाटलं की दोघांनी एकाच क्षणी शेवटची पेटी घेतली, दोघांनाही "१ शिल्लक" दिसलं, तो नेहमीचा प्रकार असेल. तो थोडा होताच, पण वूकॉमर्स ४.३ पासून चेकआउटला माल राखून ठेवतं, त्यामुळे एवढा घोळ त्याने होत नाही. खरं कारण आंब्यात होतं. साइटवर तीन प्रॉडक्ट, ४ डझनी पेटी, ५ डझनी आणि ६ डझनी, आणि प्रत्येकाचा वेगळा स्टॉक अंदाजाने टाकलेला. पण माल एकाच बागेतून येणार! फळ मोठं निघालं तर पेटीत चार डझन बसतात, लहान निघालं तर सहा, आणि ते कळणार तोडणी झाल्यावर. झाडावर असताना ग्रेड कोण सांगणार? मार्चमध्ये अवकाळी पडला किंवा उष्णता वाढली तर फळगळ वेगळीच. म्हणजे कॉम्प्युटर एकदम बरोबर मोजत होता, पण जे मोजायला दिलं तेच चुकीचं होतं.

यावर दादा आणि मी बागेत बसून बराच वेळ वाद घातला. शेवटी ठरलं असं: विकायचा तो पाठवणीचा आठवडा. प्रत्येक आठवड्याचा एकच साठा, डझनात, आणि अंदाजाच्या ७० टक्केच साइटवर खुला. ग्रेड ही गिऱ्हाइकाची पसंती, मिळाली तर मिळाली, नाहीतर दुसऱ्या ग्रेडची पेटी आणि फरकाचे पैसे परत, हे बुकिंगच्या आधीच स्पष्ट लिहिलेलं. उरलेले ३० टक्के तोडणी झाल्यावर, आढीत फळ बघून मग खुले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा फायदा या एका बदलाचा झाला आणि त्यात कोड जवळपास शून्य आहे.

पैशांचं पण असंच. आधी साइट काय समजायची की माणूस पैसे भरून "धन्यवाद" पानावर परत आला म्हणजे ऑर्डर पक्की. यूपीआयला माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, परत येतो तर साइट मेलेली, पैसे गेलेले. आता पैसे घेणाऱ्या गेटवेकडून मागच्या दाराने जो निरोप येतो, वेबहुक, तोच खरा धरायचा, माणूस परत येवो न येवो. तो निरोप कधी कधी दोनदा येतो, तर दुसऱ्यांदा आला की दुर्लक्ष करायचं हेही लिहावं लागतं. आणि वेबहुकच्या पत्त्याला त्या दरवाजाच्या मर्यादेतून वगळायचं, ते विसरलं तर आपणच आपले पैसे बाहेर थांबवून ठेवतो. पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी माल राखून ठेवायची वेळ वूकॉमर्समध्ये मुळात ६० मिनिटं असते, एवढ्या वेळात पाडवा निघून जाईल, ती १५ केली. त्या १५ मिनिटांनंतर कोणाचे पैसे उशिरा आले तर? माल उरला असेल तर द्यायचा, नसेल तर त्याच दिवशी परत. ऑर्डरचे ईमेल मागच्या रांगेत टाकले, आणि वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन (ठरावीक वेळची कामं उरकणारा), जो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात घुटमळतो, तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवर आणला.

टेस्ट के-सिक्सने (साइटवर खोटी गर्दी टाकून बघायचं साधन) केली, रात्री, होस्टिंगवाल्याला आधी कळवून. नुसतं होमपेज हजार वेळा उघडून "चालतंय की" म्हणण्यात अर्थ नाही, ते कॅशमधून येतं. स्क्रिप्टमध्ये माणसासारखं वागायला लावलं, फोटो बघ, थांब, पेटी टाक, थांब, पत्ता भर, काही जणांनी मध्येच सोडून जा. गेटवे टेस्ट मोडला, आणि गेटवेवर लोड टाकायचा नाही, ते त्यांना आवडत नाही आणि ते बरोबर आहे. पहिल्याच टेस्टमध्ये कुरिअरचा दर मोजणारा प्लगिन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) बाहेरच्या सर्व्हरला विचारायला जातो आणि तिकडून उत्तर येईपर्यंत वर्कर अडकून बसतो हे सापडलं. त्याच्या जागी पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून दर, एक साधा तक्ता. असे प्रकार लॉग वाचत बसून सापडत नाहीत, गर्दी टाकूनच सापडतात.

आणि बोलावणं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात, त्यामुळे वहिनींकडे याद्या आधीपासून तुकड्यांत होत्याच. मी म्हटलं सगळ्यांना एक वेळ कशाला, यादीगणिक २० मिनिटांचं अंतर ठेवा, आणि प्रत्येक तुकडीला मालाचा ठरावीक वाटा, म्हणजे शेवटच्या यादीवाल्याला "सगळं आधीच संपलं" असं होणार नाही. दादा नाराज, त्यांना १० वाजताचा तो धमाका हवा होता, पाच मिनिटांत सोल्ड आउट असं स्टेटसला टाकायला. वहिनींनी बाजू घेतली आणि झालं.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला. बुकिंगच्या आधी आठवडाभर कुठलाही प्लगिन अपडेट करायचा नाही, ऑटो-अपडेट बंद. सर्व्हर त्या दिवसापुरता मोठा केला, पण फक्त सीपीयू आणि रॅम, डिस्क नाही, डिस्क एकदा वाढवली की परत लहान होत नाही आणि वर्षभर भाडं भरत बसावं लागतं. लाइट जाणार हे धरूनच चाललो होतो (गेलीच), लॅपटॉप आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट तयार, आणि पुण्यात एक मित्र सर्व्हरच्या चाव्या घेऊन बसलेला. त्याला काही करावं लागलं नाही. थांबण्याचं पान थोड्या लोकांना थोडा वेळ दिसलं, जास्तीची विक्री झाली नाही, दुहेरी ऑर्डरी दोन-तीन पडल्या त्या लोकांनी मुद्दामच केलेल्या.

खरी परीक्षा वेगळ्याच दिवशी झाली. एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेच्या आधी, पुण्याच्या कोणीतरी बागेची एक रील टाकली, आम्हाला न सांगता, आणि संध्याकाळी अचानक सर्व्हर तापला. कॅश असताना तापतो कसा? तर इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या प्रत्येक लिंकच्या शेपटीला एफबीक्लिडचा (क्लिक ओळखायची फेसबुकची खूण) लांबलचक कोड असतो, प्रत्येक माणसाचा वेगळा. आणि एनजिनएक्सची जी कॅश सेटिंग नेटवर सगळीकडे कॉपी होत फिरते तिच्यात एक ओळ असते, पत्त्यात प्रश्नचिन्ह दिसलं की कॅश टाळा. म्हणजे रीलवरून आलेला प्रत्येक जण थेट पीएचपीच्या डोक्यावर. एफबीक्लिड आणि यूटीएमवाल्या (माणूस कुठून आला ते मोजायच्या) शेपट्या कॅशने धरूच नयेत असं केल्यावर दहा मिनिटांत शांत झालं. मधल्या वेळात साइट हळू होती पण पडली नाही, कारण दरवाजा होता. रीलवाल्या गर्दीतून विक्री मात्र फार झाली नाही, इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमधून काही फोनवर यूपीआय अ‍ॅप उघडतच नव्हतं. तिथे आता "क्रोममध्ये उघडा" असं बटण दिलंय, तेवढ्याने भागतं का ते पुढच्या सीझनला दिसेल.

खर्च म्हणाल तर मधल्या आकाराचा व्हीपीएस वर्षभर आणि मोठं मशीन मोजक्या दिवसांसाठी, हे त्या आधीच्या कोटेशनच्या आसपाससुद्धा जात नाही.

आता अडचण २०२६ ची. पाडवा १९ मार्चला येतोय, म्हणजे २०२५ पेक्षा ११ दिवस आधी, तेव्हा पहिल्या तोडणीचा माल आणखी थोडा असणार आणि गर्दी तेवढीच किंवा वाढलेली. तुकड्या पाडून प्रत्येक यादीला वाटा द्यायचा म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला मूठभर पेट्या येतात. मी सुचवलंय की पहिल्या लॉटसाठी बुकिंग उघडूच नका, दोन दिवस नावं नोंदवून घ्या आणि सोडत काढा, ज्याचं नाव निघेल त्यालाच पैसे भरायची लिंक. मग गर्दी नाही आणि दरवाजा पण नको. वहिनींना पटलंय. दादांचं म्हणणं की दहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आणि काल रील बघून आलेला माणूस एकाच चिठ्ठीत कसे. त्यावर अजून बोलणं चालू आहे.